संस्कृतीचे औषध आणि सेविकेचे वेतन

अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2010 सालासाठी व्यवसायांचे जे अधिकृत वर्गीकरण ठरविले, त्यात 'समाज-आरोग्य कार्यकर्ता' या व्यवसायाला प्रथमच स्वतंत्र क्रमांक मिळाला. हे काम त्याआधी कित्येक दशके चालू होते. ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी मेक्सिको, पोर्टो रिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांतल्या होत्या. त्यांच्या वस्तीत त्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात. दिवसा शेतात किंवा कोणाच्या घरी काम करायचे आणि संध्याकाळी शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या नवऱ्याच्या मधुमेहाविषयी, मुलीच्या बाळंतपणाविषयी, स्वतःच्या उडालेल्या झोपेविषयी बोलायचे, हा त्यांचा क्रम होता. सरकारच्या हिशेबी त्या 2010 पर्यंत कोणत्याच व्यवसायात नव्हत्या. आता त्यांना क्रमांक आहे, काही राज्यांत प्रमाणपत्र आहे, आणि 'समाजसेवेतील करिअर' असे आकर्षक नावही मिळाले आहे. या बदलाचे स्वागत करायचे की त्याकडे संशयाने पाहायचे, हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सुमारे दहा लाख आशा सेविका याच प्रश्नाशी झगडत आहेत.

लॅटिनो समाज म्हणजे नेमके कोण, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या 6 कोटी 21 लाख भरली, म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणीस. त्यांत टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आहेत, पोर्टो रिकोचे जन्मजात नागरिक आहेत, आणि कागदपत्रांवाचून सीमा ओलांडून आलेलेही आहेत. कॅलिफोर्नियातली भाजी आणि द्राक्षे तोडणारे, मांसाच्या कारखान्यांत कापणी करणारे, घरे बांधणारे आणि इतरांची घरे झाडणारे हात मोठ्या प्रमाणावर या समाजाचे आहेत. कामगारांना संघटनेचा हक्क देणारा 1935 चा कायदा आणि किमान वेतन व कामाचे तास ठरविणारा 1938 चा कायदा हे रूझवेल्ट राजवटीचे भूषण मानले जातात. परंतु दोन्ही कायद्यांनी शेतमजुराला दाराबाहेर उभे केले. जादा तासांच्या दुप्पट-दीडपट मजुरीचा केंद्रीय हक्क त्याला अजूनही नाही. आरोग्याचा विमा नसलेल्यांचे प्रमाण लॅटिनोंमध्ये गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. अशा समाजाच्या आजाराची चर्चा त्याच्या खाण्यापिण्यापासून आणि समजुतींपासून सुरू करणे सोयीचे असते. त्याच्या मजुरीपासून सुरू करणे तितके सोयीचे नसते.

तरीही, समजुतींना महत्त्व नाही असे म्हणणारा कार्यकर्ता फार दूर जाणार नाही. मेक्सिकन घरांत मुलाचे पोट धरले, अन्न चिकटून बसले, की त्याला 'एम्पाचो' म्हणतात. त्यावर काही घरांत 'अझारकोन' किंवा 'ग्रेता' नावाची पूड दिली जाई. 1980 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन आरोग्य खात्याच्या ध्यानात आले, की या पुडी म्हणजे जवळजवळ शुद्ध शिशाची संयुगे आहेत. पांढऱ्या डगल्यातला डॉक्टर आईला विचारतो, 'मुलाला काय औषध दिले?' आई म्हणते, 'काही नाही.' ती खोटे बोलत नसते. एम्पाचो हा डॉक्टरचा आजार नव्हे आणि ती पूड डॉक्टरच्या अर्थाने औषध नव्हे, असे तिला वाटत असते. तोच प्रश्न प्रोमोतोरा वेगळ्या शब्दांत विचारते, एम्पाचोचे नाव घेऊन विचारते, आणि ताटावरच्या गप्पांत पूड बाहेर येते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीचे. तान्ह्या मुलाची टाळू खोल गेली तर मेक्सिकन आजी म्हणते 'मोयेरा' पडली. मग टाळ्याला अंगठा लावून ती वर ढकलायची. आपल्या खेड्यांतही खोल गेलेल्या टाळूकडे आजीचे लक्ष डॉक्टरच्या आधी जाते. हगवणीने शरीरातले पाणी आटले की टाळू खोल जाते, हे वैद्यकशास्त्राचे म्हणणे. आजीची नजर अचूक असते. चुकतो तो उपाय. शहाणी प्रोमोतोरा आजीला अडाणी ठरवीत नाही. तुम्ही वेळेवर ओळखले, असे म्हणून ती साखर-मिठाचे पाणी चमच्याचमच्याने पाजायला बसते, आणि मूल सुस्त दिसले तर आजीलाच बरोबर घेऊन दवाखाना गाठते. संस्कृतीवर आधारलेला आरोग्य-कार्यक्रम म्हणतात तो एवढाच. त्यात गूढ काही नाही, पण ते काम वैद्यकीय महाविद्यालयात शिकविले जात नाही.

टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरील स्टार काउंटी हा अत्यंत गरीब, जवळजवळ सर्वस्वी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भाग. मधुमेहाचे प्रमाण तेथे मोठे. तेथील मधुमेह-शिक्षणाच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. वर्ग स्पॅनिशमध्ये घेतले, शिकविणाऱ्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्याच समाजातल्या होत्या, रुग्णाबरोबर घरचे कोणीतरी बसत असे, आणि आहाराचा विचार त्यांच्या चुलीवर शिजणाऱ्या पदार्थांवरून होई. रक्तातील साखरेचे प्रमाण खरोखर खाली आले. बाजरीची भाकरी खाणाऱ्या माणसाच्या हाती ओट आणि सफरचंदाचा तक्ता देणारे आपले दवाखाने या प्रयोगावरून पुष्कळ शिकू शकतील.

या विचाराची एक शाखा अधिक पुढे जाते आणि म्हणते, संस्कृती हेच औषध. कॅलिफोर्नियात 1988 साली स्थापन झालेल्या नॅशनल कोम्पाद्रेस नेटवर्क या संस्थेने 'ला कुल्तुरा कुरा', म्हणजे 'संस्कृती बरे करते', हे सूत्र धरून लॅटिनो बाप, मुलगे आणि कुटुंबे यांच्यासाठी मंडळे चालविली. वडीलधाऱ्यांसह गोलाकार बसणे, आपल्या पूर्वजांविषयी बोलणे, पुरुषाने हिंसेवाचून पुरुष कसे व्हावे याची चर्चा करणे, असे या कामाचे स्वरूप. ज्यांच्या मुलांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, त्या समाजाला आपल्या भाषेत आणि आपल्या नावाने बसता येणे ही लहान गोष्ट नव्हे. भारतात दलित चळवळीने आत्मसन्मान आणि आरोग्य यांचा संबंध केव्हाच ओळखला होता, त्यामुळे ही भूमिका हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे जमणार नाही. परंतु अनुदान देणाऱ्यांना हे सूत्र इतके का आवडते, हे विचारलेच पाहिजे. कारण संस्कृतीचे औषध स्वस्त पडते. मंडळात बसून ज्याचे मन हलके झाले तो उद्या पुन्हा त्याच मळ्यात, त्याच मजुरीवर जाणार आहे, आणि त्या मळ्याच्या मालकाला मंडळाने एकही प्रश्न विचारलेला नसतो.

या संदर्भात एका जुन्या कोड्याचा दाखला नेहमी दिला जातो. गरिबी असूनही, विमा नसूनही लॅटिनो माणूस गोऱ्या अमेरिकनापेक्षा अधिक जगतो. 1986 साली मार्कीडीस आणि कोराइल या अभ्यासकांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले, आणि पुढे सरकारी आकड्यांनीही तिला दुजोरा दिला. तरुण आणि धडधाकट माणसेच स्थलांतर करतात, त्यांच्यात तंबाखू ओढणे कमी असते, अशी तिची काही कारणे सांगितली जातात. परंतु लोकप्रिय झाले ते वेगळेच कारण. त्यांची कुटुंबे घट्ट असतात, आजी-आजोबा घरात असतात, म्हणून ते टिकतात, असे सांगितले जाऊ लागले. मग 2020 साल उजाडले. 2019 मध्ये लॅटिनोंचे सरासरी आयुर्मान 81.9 वर्षे होते. कोविडच्या त्या एका वर्षात ते सुमारे चार वर्षांनी घसरले. गोऱ्यांची घसरण दीड वर्षाच्या आतच राहिली. मांसाचे कारखाने 'अत्यावश्यक' म्हणून चालू होते, शेतांत तोडणी चालू होती, आणि संध्याकाळी घरी परतणारा कामगार ज्या दोन खोल्यांत जात होता त्यांतच आजी-आजोबाही होते. तीन पिढ्यांचे घट्ट कुटुंब साथीच्या काळात संसर्गाची वाट ठरले. कुटुंबात दोष नव्हता. घरभाडे परवडत नव्हते, आजारपणाची पगारी रजा नव्हती, आणि कारखान्यात दोन माणसांत अंतर नव्हते.

आरोग्य कशाने सुधारते याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मात्र एका कुदळीचे आहे. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात कोबीसारख्या पालेभाजीची आणि बीटाची विरळणी करण्यासाठी मजुरांना हात-दीड हात दांड्याची कुदळ दिली जाई. मजूर तिला 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूडशी', म्हणत. दांडा इतका आखूड, की दिवसभर कमरेत दुमडूनच काम करावे लागे. त्याने काम नीट होते असे मळेवाले सांगत. पण आखूड दांड्याचा आणखी एक उपयोग होता. मुकादमाने दुरून नजर टाकली की कोण उभा आहे, म्हणजे कोण विसावा घेतो आहे, ते लगेच दिसे. तिशी-चाळिशीत मजुरांचे कणे कायमचे निकामी होत. त्या कण्यांवर शेक, मालीश, प्रार्थना, गोळ्या, सर्व काही झाले असेल. शेवटी मजुरांच्या बाजूने कायद्याचे काम करणाऱ्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि 1975 साली त्या कुदळीवर बंदी आली. दांडा लांब झाला, माणूस उभा राहिला, तरी पीक बुडाले नाही. कोणत्याही कल्याण-कार्यक्रमाचे मोजमाप करताना मी या कुदळीची आठवण ठेवतो: पाठ चोळण्याची सोय करणारा कार्यक्रम आणि दांडा लांब करून घेणारी संघटना यांत पहिल्याला अनुदान मिळते, दुसरीला नोटिसा.

आणि तरीही या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नव्हत्या. प्रोमोतोरेसची परंपरा लॅटिन अमेरिकेतून आली, आणि ती तेथे लोकशिक्षणाच्या, जमिनीच्या आणि साक्षरतेच्या लढ्यांतून वाढली. (मेक्सिकोत 1920 च्या दशकात शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारणाऱ्यांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, हे आपल्या तरुणांना सहसा सांगितले जात नाही.) मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील डोंगरी खेड्यांत डेव्हिड वर्नर या जीवशास्त्रज्ञाने गावकऱ्यांनाच आरोग्य-कार्यकर्ते म्हणून तयार केले, त्या अनुभवातून 1973 साली स्पॅनिशमध्ये निघालेले 'जेथे डॉक्टर नाही' या अर्थाचे पुस्तक जगभर गेले. याच वर्नरनी 1977 साली एका निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न टाकला होता, की खेड्यातला आरोग्य-कार्यकर्ता हा हुजऱ्या आहे की मुक्तिदाता. अमेरिकेतही असेच घडले. 1965 साली डेलानो येथे प्रथम फिलिपिनो आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजूर द्राक्षमळ्यांतून बाहेर पडले. पाच वर्षे चाललेल्या त्या संपातून उभ्या राहिलेल्या संघटनेने मालकांशी केलेल्या करारांत कीटकनाशकांविषयीची कलमे घातली आणि स्वतःचे दवाखानेही चालविले. न्यूयॉर्कच्या पोर्टो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' ही संघटना 1969-70 मध्ये ईस्ट हार्लेममध्ये घरोघर जाऊन मुलांच्या शरीरातले शिसे तपासत होती. शहराची क्ष-किरण गाडी ताब्यात घेऊन तिने ती क्षयरोगाने ग्रासलेल्या वस्तीत नेऊन उभी केली. आणि 14 जुलै 1970 रोजी साउथ ब्रॉन्क्समधील मोडकळीला आलेल्या लिंकन रुग्णालयाची इमारत ताब्यात घेतली. त्या रुग्णालयाची नवी वास्तू 1976 साली उघडली. घरोघर जाणारी ती मुले समाजसेवा करीत होती की राजकारण, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आजची प्रोमोतोरा या वारशापासून कशी दूर नेली जाते, ते 'करिअर'च्या व्यवस्थेत दिसते. टेक्सासने 1999 साली या कामासाठी कायदा केला, आणि पुढे वेतन घेणाऱ्यांस प्रमाणपत्र आवश्यक झाले; त्यासाठी 160 तासांचे प्रशिक्षण किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेने जुलै 2022 पासून या सेवेचे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि केंद्राच्या वृद्धांसाठीच्या योजनेत 2024 पासून तशी तरतूद आली. ही सगळी पावले पुढचीच आहेत. त्यापूर्वी प्रोमोतोराचे जगणे अनुदानावर होते. दोन-तीन वर्षांचे अनुदान संपले की काम संपे, आणि तिने ज्यांना आपला फोन दिला होता ती कुटुंबे मात्र फोन करीतच राहत. ती नाही म्हणू शकत नसे, कारण ती त्याच गल्लीत राहत होती. तिच्या या न संपणाऱ्या कामावर पुढच्या अनुदानाचा अर्ज उभा राहत असे.

पण नव्या व्यवस्थेत पैसे कसे मोजतात ते पाहा. कॅलिफोर्नियात हिशेब अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी होतो. रुग्णाशी बोललेला अर्धा तास मोजला जातो. चर्चच्या अंगणात, धुलाईच्या दुकानात, मुलाच्या नामकरणाच्या जेवणात ती जे वर्षानुवर्षे बसली, त्यामुळे तो अर्धा तास शक्य झाला. त्याचा रकाना नाही. गिरणीतल्या उक्त्या कामाचा दर ठरविताना यंत्र पुसण्याचा वेळ धरीत नसत, तसेच हे. आशा सेविकेला कामागणिक मोबदला देताना आपल्या सरकारांनी हेच केले. बाळंतीण रुग्णालयात पोहोचली तर पैसे. तिच्या सासूचे मन वळविण्यात गेलेले आठ दिवस जमेस नाहीत.

विश्वासाची गोष्ट निघाली म्हणून अधिक गंभीर बाब सांगतो. स्थलांतरित कुटुंब सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीत नाव लिहायला भिते. 2019 साली ट्रम्प सरकारने असा नियम काढला, की सरकारी मदत घेणे हे कायम वास्तव्याच्या अर्जात बाधक ठरू शकेल. 2021 मध्ये तो रद्द झाला, पण त्या भीतीने अनेकांनी हक्काच्या योजनांतूनही, जन्माने नागरिक असलेल्या आपल्या मुलांचीही नावे काढून घेतली. तेव्हा 'लिहा नाव, काही होणार नाही' असे दारोदार सांगण्याचे काम प्रोमोतोरांवर पडले. त्यांच्या शब्दावर लोकांनी नावे लिहिली. जानेवारी 2025 मध्ये रुग्णालये, शाळा आणि चर्च यांच्या आवारात स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचे जुने धोरण मागे घेण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये उघड झाले, की गरिबांच्या आरोग्य योजनेतील लक्षावधी लोकांची माहिती हद्दपारीचे काम करणाऱ्या खात्याकडे देण्यात आली आहे. अनेक राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. ज्या बाईने शेजाऱ्यांना शब्द दिला होता तिने आता त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने उभे राहायचे? शासनाने तिच्याकडून विश्वास उसना घेतला, आणि तो मोडताना तिला विचारलेही नाही. ज्या कार्यकर्तीला संघटना नाही, नोकरीची हमी नाही, तिला या गोष्टीविरुद्ध बोलायला जागाही नाही. म्हणून तिच्या वेतनाचा आणि कायम नोकरीचा प्रश्न हा केवळ तिच्या पोटाचा नाही. शासन चुकत असताना वस्तीच्या बाजूने उभे राहण्याची ऐपत तिला त्यातूनच येणार आहे.

आपल्या मंडळींत एक विचार खोल रुजला आहे, की सेवेला किंमत लावली की सेवा भ्रष्ट होते. सेवाभावी कार्यकर्त्याने तसे स्वतःपुरते मानावे. परंतु दुसऱ्याच्या, आणि विशेषतः गरीब स्त्रीच्या, सेवाभावावर योजना उभी करणाऱ्याला हा युक्तिवाद करण्याचा अधिकार नाही. डॉक्टरला कोणी असे सांगत नाही. जामखेडला 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना आरोग्य-कार्यकर्त्या केले. त्यांनी गरोदर बायका तपासल्या, मुले जगविली, आणि जगातल्या तज्ज्ञांना आपल्या अंगणात शिकायला बसविले. 2005 साली आशा योजना आली तेव्हा तिच्यासाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा निकष लागला. अपवादाची सवलत कागदावर होती, तरी जामखेडच्या त्या पहिल्या बायका सर्वसाधारण नियमाने बाहेरच राहिल्या असत्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशा सेविकांचा गौरव केला. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातल्या त्याच आशा संपावर होत्या. आश्वासन मिळाले, पण शासन निर्णय निघेना म्हणून 2024 च्या आरंभी त्यांना पुन्हा संप करून आझाद मैदानावर बसावे लागले. तेव्हा कुठे मानधनात वाढ झाली. 'मानधन' हा शब्द मात्र कायम आहे. वेतन म्हटले की निवृत्तिवेतन, रजा आणि भविष्य निर्वाह निधी मागोमाग येतात, हे सरकारला ठाऊक आहे. 2022 सालीच सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क मान्य केला, तो याच शब्दाच्या भिंतीला पडलेला पहिला मोठा तडा होय.

आशा आणि अंगणवाडी संघटनांत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी टेक्सास आणि कॅलिफोर्नियाचे हे नियम मिळवून वाचावेत, अशी माझी सूचना आहे. प्रत्यक्ष अनुभव हाच प्रमाणपत्राचा आधार धरण्याचे टेक्सासचे कलम आपल्या मागणीपत्रात जसेच्या तसे घालण्याजोगे आहे. दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या आशेला परिचारिकेच्या प्रशिक्षणात राखीव जागा मागताना ते उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियाच्या अर्ध्या तासाच्या हिशेबाला मात्र आपण आताच विरोध नोंदवून ठेवावा, कारण कामागणिक मोबदल्याला कंटाळलेले प्रशासन उद्या तोच आणील. आणि रुग्णाची माहिती आरोग्य खात्याबाहेर कोणालाही द्यायची नाही, द्यावी लागल्यास आधी सेविकेला आणि त्या कुटुंबाला कळवायचे, ही अट पुढच्या वाटाघाटीत वेतनाच्या मागणीच्या बरोबरीने मांडली जावी.